शाळेच्या दारातील ताप-तपासणीबाबत खुलासा

‘शाळेच्या दारात ताप तपासला जातो, त्यामुळे महासाथीत पालकांनी वेगळी काळजी घेण्याचे कारण नाही,’ हा कोविड-१९ च्या महासाथीच्या काळात फिरलेला संदेश दिशाभूल करणारा आहे. कोविड-१९ चा संसर्ग लक्षणे दिसण्याच्या साधारण २ दिवस आधीपासूनच इतरांना होऊ शकतो, कित्येक बाधित मुलांना ताप येतच नाही, आणि सकाळी पॅरासिटामॉल देऊन पाठवलेल्या मुलाच्या कपाळासमोर धरलेला तापमापक (दुर्दैवाने असेही घडते) निमूटपणे नेहमीचाच आकडा दाखवू शकतो. वर्गात हवा खेळती ठेवणे आणि हात धुण्यासाठी साबण-पाणी पुरवणे या कामांतून शाळेची सुटका नाही. परंतु खोकणाऱ्या मुलाला घरी ठेवण्याचा आणि घरात कोणी बाधित असल्यास शाळेला त्वरित कळवण्याचा निर्णय पालकांनाच घ्यावा लागतो.