सचिवसाहेब, उपविधी कपाटातच राहू द्या

मल्टीच्या, म्हणजे बहुमजली इमारतीच्या, रहवासी संघाचे सचिव म्हणून तुमची बिनविरोध निवड झाली, अभिनंदन! विरोध करायला कुणाला फुरसतच नव्हती. आमसभेतली मंडळी पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरण्यात गुंतली होती. आता इंदूरच्या या चार विंगांना शिस्त लावायची ती तुम्हीच.

पहिलं पथ्य, उपविधी, म्हणजे संघाची लेखी नियमावली, वाचू नका. मध्यप्रदेश प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, 2000 नावाचा कायदा आहे आणि त्याच्या हिशेबी उपविधी सगळ्याच फ्लॅटमालकांना पाळावे लागतात. अध्यक्षांनासुद्धा. एवढं वाचलंत की हात थरथरायला लागतील, आणि थरथरत्या हातांनी कुणाच्या गाडीला जॅमर लावता येत नाही.

मग सुरुवात कुठून करायची? भाडेकऱ्यांपासून. भंवरकुआंला कोचिंगला जाणारी तीन पोरं एका फ्लॅटमध्ये राहत असतील, तर देवच पावला म्हणा. आमसभेत त्यांना मत नाही, घरमालक पुण्याला, आणि वय असं की रात्री साडेदहाला हसू येतंच. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम त्यांच्यासाठी पाठ करून ठेवा: रात्री दहा ते सकाळी सहा, रहिवासी भागात मर्यादा 45 डेसिबल. अध्यक्षांच्या नातवाच्या वाढदिवसाला गच्चीवर डीजे लागला, तर मात्र डेसिबल मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही, हे लगेच आठवू द्या.

कचऱ्याचं प्रकरण सोपं आहे. आपलं शहर 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिलं येत गेलं, तेव्हा इज्जतीचा प्रश्न आहे. नगर निगमच्या कचरागाडीत ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा असे सहा कप्पे. डायपर ओल्यात सापडला की कामवाल्या बाईंना गेटवर उभं करून विचारा. तो डायपर ज्या घरातून आला, त्या घरच्या वहिनींना विचारायचं नसतं; त्या महिला मंडळात आहेत.

कुत्र्यांच्या वाटेला फार जाऊ नका. पाळीव कुत्र्यावर सोसायटीला बहुमतानेही बंदी घालता येत नाही, असं जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्येच सांगून ठेवलंय. भटक्यांना खाऊ घालायची जागाही 2023 च्या नियमांप्रमाणे तुम्हीच ठरवायची आहे. त्यापेक्षा 'कुत्र्यांना लिफ्टमध्ये मनाई' अशी पाटी लावा आणि वाट पाहा. निम्मे लोक घाबरतील, उरलेले भांडतील. दोन्हीकडून तुमचं नाव होईल.

खरी परीक्षा पार्किंगमध्ये. पाहुण्यांच्या जागेत अध्यक्षांची एसयूव्ही कायमची मुक्कामाला आहे आणि अग्निशमनच्या गाडीसाठी सोडलेल्या वाटेवर खजिनदारांची. तुम्ही तिकडे पाठ करून उभे राहा आणि ज्याची स्कूटर पांढऱ्या पट्ट्याच्या चार बोटं बाहेर आली आहे, त्याला पकडा. पाचशे रुपये दंड! दंडाचा ठराव कधी झाला, असं तो विचारेल. 'भिया (म्हणजे भाऊ), नियम म्हणजे नियम,' एवढंच म्हणायचं. रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर त्याच्या नंबरप्लेटचा फोटो टाका, खाली 'कुणाचंही नाव न घेता' असं लिहा. पहिला अंगठा अध्यक्षांचा येईल. नोटीस द्यायची, ऐकून घ्यायचं, मग निर्णय, असली भानगड कोर्टात असते. आपल्याकडे चौकीदार आहे.

आणि चौकीदाराला सांभाळा. कुणाला अडवायचं नि कुणाला सलाम ठोकायचा, हे त्याला तुमच्याआधीपासून कळतं. साहेबांच्या साडूची गाडी त्याने नंबर न लिहिता आत सोडली, तर रागावू नका. रजिस्टर भाजीवाल्यासाठी असतं.

एवढं सगळं नीट चाललेलं असताना आमसभेत कुणीतरी काका उठतील. 'दंडाचे पैसे जमा कुठे केले? पावतीबुक दाखवा,' म्हणतील. घाबरायचं कारण नाही. काकांच्या बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीचं पाणी खालच्या मजल्यावर ठिबकतं, त्याचे फोटो पुढे करा. फोटो नसतील, तर चौकीदाराला आजच वर पाठवा.