गर्दी नसते म्हणून आखणी नको? उलट जास्त हवी

“हंगाम संपला की किनाऱ्यावरच्या एखाद्या छोट्या गावी जा. समुद्र तोच, खोली निम्म्या दरात, बुकिंगची गरज नाही आणि खरं गाव तेव्हाच बघायला मिळतं. बॅग भरा आणि निघा!” अशा अर्थाचा मजकूर सतत फिरत असतो आणि लोक तो भराभर पुढे पाठवतात. हंगाम सोडून किनाऱ्यावर जाणं मला मनापासून आवडतं, आणि म्हणूनच तो खटकतो. एकेक वाक्य घेऊन बोलू.

“समुद्र तोच.” सगळ्यात धोक्याचं वाक्य हेच. हवाईतल्या ओआहू बेटाचा उत्तर किनारा घ्या. वाइमिया बेमध्ये उन्हाळ्यात पाणी इतकं शांत असतं की लहान मुलं डुंबतात. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांमुळे त्याच जागी घराच्या उंचीच्या लाटा येऊन फुटतात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तेच काम जून ते सप्टेंबर मान्सूनचे वारे करतात. आणि बदलतो तो फक्त समुद्रच नाही. खवळलेल्या महिन्यांत लाटा पुळणीवरची वाळू ओढून आत नेतात आणि पाण्याखाली तिचे दांडे तयार होतात. पुळण अरुंद होते, कुठे उतार वाढतो, कुठे खडक उघडे पडतात. समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू परत येते. त्यामुळे हंगामातले फोटो पाहून “इथे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहता येतं” असा अंदाज बांधू नका.

त्या दांड्यांच्या मधल्या फटीतून किनाऱ्यावर चढलेलं पाणी जोरात परत जातं. वरून बघितलं तर तिथे लाट फुटत नाही, पाणी थोडं गडद आणि सपाट दिसतं. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण आजूबाजूच्या फेसापेक्षा ती जागा शांत वाटते. हंगामात शिट्टी मारून बाहेर काढणारा जीवरक्षक असतो, धोक्याचे झेंडे लावलेले असतात. पुष्कळ किनाऱ्यांवर हंगाम संपला की दोन्ही जातात. अशा ओढीत सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे झगडत येऊ नका, त्यात दम संपतो आणि माणूस बुडतो. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडा. माझं स्पष्ट मत विचाराल तर जीवरक्षक नसलेल्या अनोळखी किनाऱ्यावर, हंगाम नसताना, पाण्यात उतरूच नये. किनाऱ्यावरून चालण्यात आनंद काही कमी नाही.

पोहायचंच असेल तर महिना विचार करून निवडा. पाणी हवेपेक्षा उशिरा तापतं आणि उशिरा निवतं. उत्तर गोलार्धात समुद्र साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सर्वांत उबदार आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत गार असतो. म्हणून भूमध्य समुद्राकाठी मे महिन्यात ऊन छान असलं तरी पाणी बोचतं आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते सहसा जास्त उबदार मिळतं. हंगामाच्या आधी जावं की नंतर, याचं उत्तर इथेच आहे. गार पाणी नुसतं गैरसोयीचं नसतं. साधारण 15 अंश सेल्सिअसच्या खालच्या पाण्यात एकदम उडी घेतली की श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर चांगला पोहणाराही संकटात सापडतो.

“खोली निम्म्या दरात.” खोली स्वस्त मिळते, हे बऱ्याचदा खरं. पण खर्च म्हणजे फक्त खोली नव्हे. होड्यांच्या फेऱ्या बंद होतात, बस कमी होतात, आणि वाचलेले पैसे खास गाडी करण्यात जातात. इटलीतल्या चिंक्वे तेर्रेच्या गावांना जोडणाऱ्या प्रवासी बोटी हिवाळ्यात थांबतात. तिथे रेल्वे बारमाही आहे म्हणून निभावतं. प्रत्येक गावाला रेल्वे नसते. म्हणून आधी येण्या-जाण्याचं वेळापत्रक बघा, तेही त्या तारखांचं, आणि मग खोलीकडे वळा. वादळांच्या पट्ट्यात जाणार असाल तर आणखी एक गोष्ट. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असतो आणि त्याचा जोर सप्टेंबरच्या सुमारास सर्वाधिक असतो. स्वस्ताई नेमकी तेव्हाच असते. वादळाला नाव मिळाल्यावर काढलेल्या प्रवासविम्यात त्या वादळामुळे झालेलं नुकसान सहसा धरत नाहीत. विमा तिकिटाबरोबरच काढावा.

“बुकिंगची गरज नाही.” पाहुणे कमी असतात तशा उघड्या खोल्याही कमी असतात. छोट्या गावात राहण्याची मोजकी ठिकाणं, त्यातली निम्मी रंगकामासाठी नाहीतर मालक बाहेरगावी गेला म्हणून बंद. उरलेल्यांत एखादं लग्नाचं वऱ्हाड किंवा पुलाच्या कामावरची माणसं उतरली की गाव भरलं. संकेतस्थळावर ‘उपलब्ध’ दिसतं त्यावर विसंबू नका, फोन करा. आणि नुसतं “चालू आहे ना?” असं विचारू नका, “हो” म्हणायला कुणाचं काय जातं? त्या दिवशी चावी कोण देणार, स्वयंपाकघर चालू आहे का, नसेल तर रात्री आठनंतर जेवण कुठे मिळेल, गरम पाणी आहे का, वीज गेली तर काय सोय आहे, हे विचारा. उत्तर देताना समोरचा घुटमळला तर दुसरं ठिकाण बघा.

“खरं गाव तेव्हाच दिसतं.” हे मला पटत नाही. हंगामात पहाटेपासून राबणारं गाव खोटं कसं? वर्षभराची कमाई त्याच महिन्यांत होते. बाकीच्या दिवसांत माणसं होड्यांची डागडुजी करतात, जाळी विणतात, छप्परं शाकारतात, आजारपणं आणि लग्नकार्यं उरकतात, झोप भरून काढतात. तुम्ही त्यांच्या सुट्टीत गेला आहात. दुकान बंद असेल तर दार वाजवून उघडायला लावू नका, आणि निम्म्या दरातही आणखी घासाघीस करू नका.

“बॅग भरा आणि निघा.” त्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक काढा. दोन भरत्यांमध्ये बहुतेक किनाऱ्यांवर सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. काल दुपारी चालून गेलात ती कपारीखालची वाट परवा त्याच वेळी पाण्याखाली असू शकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतं, आणि मार्च व सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या आसपास ते सहसा जास्त चढतं. हे दोन्ही महिने बऱ्याच ठिकाणी नेमके हंगामाच्या कडेला येतात. उत्तरेकडे हिवाळ्यात जाणार असाल तर उजेडही मोजा. 50 अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम 8 तासांचा असतो. दुपारी चार वाजता अंधारणाऱ्या गावी तीनला पोहोचलात तर पहिला दिवस गेलाच. म्हणून मुक्काम दोन रात्रींचा ठरवला असेल तर रजा एक दिवस जास्त घ्या. परतीची बोट वाऱ्यामुळे रद्द झाली तर दुसऱ्या दिवशीची मिळेपर्यंत थांबता आलं पाहिजे.