'पिस-पुअर'ची भाकडकथा

इंग्रजी शब्दांच्या 'रंजक' जन्मकथांचा एक फॉरवर्ड अधूनमधून येतच असतो. त्यातली एक कथा अशी: १५००च्या सुमारास इंग्लंडात कातडी कमवायला मूत लागे. गरीब घरांतली माणसं ते एका भांड्यात साठवून रोज टॅनरीला विकत. त्यावर जगणारे ते 'पिस-पुअर' ('पिस' म्हणजे मूत, 'पुअर' म्हणजे गरीब). आणि भांडंही न परवडणारे 'मुतायला भांडं नसलेले'.

मुताला गिऱ्हाईक होतं, हे खरं. शिळ्या मुतात अमोनिया तयार होतो. तो कातड्यावरचे केस सैल करतो, लोकरीतला तेलकटपणा काढतो. रोमचा सम्राट व्हेस्पासियनने तर या मालावर कर बसवला होता. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या तुरटी कारखान्यांसाठी लंडनहून त्याची पिंपं जहाजाने येत. पण धंदा होता म्हणून शब्द तिथूनच आला, हे कुठलं तर्कशास्त्र?

शब्दाचं वय बघा. छापील इंग्रजीत 'पिस-पुअर' सापडतो तो थेट १९४०च्या दशकात. मग आधीची चारशे वर्षं तो कुठे दडून बसला होता? छापायची लाज वाटत असेल म्हणावं, तर 'पिस' हे क्रियापद १६११च्या इंग्रजी बायबलमध्येही आहे!

खरी गोम अर्थात आहे. 'पिस-पुअर बॅटिंग', 'पिस-पुअर सर्व्हिस' म्हणजे टुकार. 'पुअर' इथे निकृष्ट या अर्थी येतो. आपण 'भिकार सिनेमा' म्हणतो तेव्हा सिनेमा कटोरा घेऊन दारोदार हिंडत नसतो, तसंच हे. 'पिस' नुसता जोर द्यायला. अगदी सोप्या कामाला 'पिस-ईझी' म्हणतात. त्यात टॅनरी कुठे बसवणार?

भांड्याची म्हणही २०व्या शतकातली. रात्री खाटेखाली ठेवायचं भांडं, तेही घरात नाही, एवढाच तिचा अर्थ. विक्रीबिक्री काही नाही.

हा फॉरवर्ड म्हणजे १९९९पासून फिरणाऱ्या एका ईमेलचा वाढीव अवतार. मातीच्या जमिनीवरून 'डर्ट-पुअर' (कंगाल) आला, हे त्यातलंच. तो शब्द १९३०च्या दशकातला. पाण्याबरोबर बाळ फेकण्याची (नकोशाबरोबर हवं तेही टाकण्याची) म्हण मात्र खरंच १६व्या शतकातली, पण जर्मन. ईमेल म्हणतो, सगळं घर एकाच पाण्यात आंघोळ करी, शेवटी पाणी इतकं गढूळ होई की त्यात बाळ दिसेनासं व्हायचं. जर्मन लेखक टोमास मुर्नरच्या १५१२च्या पुस्तकात या म्हणीचं चित्रच आहे. बाई टब उपडा करतेय आणि बाळ चांगलं ठळक दिसतंय.