पाणी तपासलं, गाळाचं काय?

नदीच्या पाण्याच्या नमुन्यांत पीबीडीई (आग पसरू नये म्हणून फोम, प्लास्टिकसारख्या वस्तूंत मिसळलेली रसायनं) जेमतेम सापडले म्हणून माशांना धोका नाही, असा निष्कर्ष एका लेखात वाचला; तो पटला नाही. ही ब्रोमिनयुक्त ज्वालारोधकं पाण्यात जवळपास विरघळतच नाहीत, गाळातल्या सेंद्रिय कणांना चिकटतात. कृमी आणि डासमाश्यांच्या अळ्या तो गाळ खातात, त्यांना मासे खातात आणि रसायन चरबीत साठत जातं. डेका-बीडीईचा (दहा ब्रोमिन अणू असलेल्या पीबीडीईचा) अवजड रेणू माशांत कमी शोषला जातो हे खरं, पण ब्रोमिनचे अणू सुटले की उरणारे लहान रेणू जास्त शोषले जातात.

नमुना घ्यायचा तो वरच्या २ ते ५ सेंमी गाळाचा. बाटली गडद काचेची हवी, कारण उजेडात हे रेणू तुटतात. फोम जवळपास नको, त्यातल्या ज्वालारोधकांनीच नमुना दूषित होतो! निकाल सेंद्रिय कार्बनच्या प्रमाणात मांडा, नाहीतर वाळू आणि चिखल यांची तुलना होत नाही. माशांचा आकडा चरबीच्या प्रमाणात.

टिकाऊ घातक रसायनांवर बंदी आणणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत २००९ मध्ये पेंटा-बीडीई (फोममध्ये वापरला जाणारा पीबीडीईचा प्रकार) आलं. त्यानंतर त्याच्याऐवजी फोममध्ये वापर वाढलेले टीसीपीपीसारखे क्लोरिनयुक्त फॉस्फेट ज्वालारोधक मात्र पाण्यात विरघळतात आणि सांडपाणी प्रक्रियेतून बरेचसे तसेच नदीत येतात. त्यांच्यासाठी पाणीच तपासायला हवं.