कै. भाऊकाका, मुक्काम पोस्ट कॅश

भाऊकाकांचा फोन रात्री पावणेनऊला आला.

"अगं, मी वारलो. निदान मला तरी कळवायचंस!"

आवाज खणखणीत. वय ८४, अजून पर्वती चढतात, आणि आमच्या कुलवृत्तांत समितीचे अध्यक्ष, कार्यवाह व मुद्रितशोधक ही तिन्ही पदं एकटे सांभाळतात. मागून काकूंचा आवाज आला, "तिला विचारा, मंगळसूत्र आत्ता काढू की उद्या सकाळी?"

मी घाईघाईने लॅपटॉप उघडला. शाखा तिसरी, आठवी पिढी, डावीकडून चौथी चौकट. 'कै. महादेव विष्णु'. शेजारच्या चौकटीत 'सौ.' काकू.

"आणि चूक करायचीच तर नीट करावी," काका म्हणाले. "'कै.'च्या शेजारी 'सौ.' बसत नाही. तिथे 'श्रीमती' हवं."

मुद्रितशोधक गेला तरी नजर जात नाही.

चूक कशी झाली ते सांगते. आमच्या तिसऱ्या शाखेने पुरुषांसाठी दोनच नावं मंजूर केलेली आहेत. आजोबांचं नाव नातवाला, या हिशेबाने महादेवाचा विष्णु आणि विष्णुचा महादेव हे दळण पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्यामुळे भाऊकाका महादेव विष्णु आणि त्यांचे आजोबाही महादेव विष्णु. आजोबांना 'कै.' लावायचं राहून गेलं होतं. मी 'शोधा आणि सगळीकडे बदला' केलं. आजोबांबरोबर नातूही गेला.

"पाच मिनिटांत दुरुस्त करते, काका."

या वाक्याचा मला पुढे तीन आठवडे पश्चात्ताप झाला.

मुळात हे काम माझ्याकडे यायलाच नको होतं. कुलवृत्तांत ज्यांच्या घरी नसेल त्यांच्यासाठी: एका आडनावाची सगळी माणसं, मूळपुरुषापासून परवाच्या बारशापर्यंत, एका जाडजूड पुस्तकात. कोण कोकणातून कधी वर आला, कोण रेल्वेत लागला, कोणाला दत्तक दिलं. त्यात माझी नोंद दीड ओळीची आहे आणि ती लग्नापाशी संपते. तिथून पुढे मी दुसऱ्या आडनावाच्या खंडात. पण नव्या आवृत्तीच्या छपाईचा आकडा ऐकून समितीला जेव्हा 'आपण वेबसाइटच करू, ती फुकट असते' असं सुचलं, तेव्हा सगळ्यांना एकदम आठवलं की ती माहेरवाशीण कॉम्प्युटरमधली आहे.

काम तसं साधं होतं. डेटाबेस नाही, लॉगिन नाही. नुसत्या स्थिर फायली: स्कॅन केलेली पानं, फोटो आणि शाखावार वंशवृक्षांची चित्रं. मी त्या क्लाउडवर मुंबईच्या विभागात एका बकेटमध्ये ठेवल्या.

"बकेट म्हणजे बादली ना?" काकांनी विचारलं होतं. "पूर्वजांना बादलीत ठेवलंस?"

त्या बादलीला नाव द्यायचं तर ते सगळ्या खातेदारांमध्ये एकमेव असावं लागतं. आम्हाला हवं ते नाव कोणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं. भाऊबंदकीचा अनुभव असल्याने याचं कोणाला आश्चर्य वाटलं नाही. पहिल्या दिवशी पानं उघडण्याऐवजी धडाधड डाउनलोड होऊ लागली, कारण फाइल कसली आहे हे मी सांगितलंच नव्हतं. जी फाइल अस्तित्वातच नाही ती मागितली, तर 'नाही' असं सरळ उत्तर न येता 'तुम्हाला परवानगी नाही' असं यायचं. माझी एक संध्याकाळ नसलेल्या फाइलची परवानगी मिळवण्यात गेली. सरकारी कचेरीत निदान शिपाई तरी खरं सांगतो.

मग बादलीच्या पुढे मी सीडीएन, म्हणजे जगभर पसरलेल्या सर्व्हरांचं जाळं, लावलं. हौस नव्हती. आमची अर्धी पाचवी शाखा अमेरिकेत आहे आणि काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यू जर्सी सरळ रेषेत मोजलं तरी साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे निरोप जाऊन यायला सेकंदाचा आठवा हिस्सा लागणारच, आणि तारा काही सरळ रेषेत जात नाहीत. एका पानाला अशा कितीतरी फेऱ्या पडतात. त्यापेक्षा फायलींच्या प्रती गावोगावी ठेवल्या की मागणाऱ्याला जवळच्या गावातून मिळतात.

"ही युक्ती कोणाची?" काकांचा प्रश्न. त्यांना प्रत्येक गोष्टीचा मूळपुरुष लागतो. मी सांगितलं की वेब काढणारे टिम बर्नर्स-ली यांनाच नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात वेबवरच्या गर्दीची काळजी लागली होती. तिथलेच गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनी ल्युविन यांनी त्यावर गणित मांडलं आणि १९९८ मध्ये अकामाय नावाची कंपनी काढली. हवाईयन भाषेत अकामाय म्हणजे हुशार. काकांनी हे वहीत टिपून घेतलं आणि कोणत्या गोत्राचे असं विचारायचं महत्प्रयासाने टाळलं.

"कळलं," ते म्हणाले. "म्हणजे तुमचं सीडीएन ही आपली ठाण्याची माई आहे."

इतकी चपखल व्याख्या मी ऑफिसातही ऐकलेली नाही. आमच्याकडे गावच्या घरी कोणी फोन करत नाही. ठाणे-डोंबिवलीचे लोक ठाण्याच्या माईला विचारतात. माई एकदाच गावी फोन लावते आणि ऐकलेली बातमी जपून ठेवते. अशा जपून ठेवलेल्या प्रतीला आमच्यात कॅश म्हणतात. पुढे विचारणाऱ्या प्रत्येकाला तीच देते, पुन्हा गावी न विचारता. झटपट उत्तर, गावच्या फोनला विश्रांती. फक्त मधल्या काळात गावची बातमी बदलली, तर माईला तिचा पत्ता नसतो.

मग माईने बातमी शिळी कधी मानायची? ते फाइल देणाऱ्याने सांगायचं असतं. 'मॅक्स-एज' अशी एक सूचना असते, ती सेकंदांत लिहायची. मी कुठूनतरी एक तयार आज्ञा उचलली होती आणि तिच्यातला आकडा न वाचताच सगळ्या फायलींना लावला होता. आकडा होता ३,१५,३६,०००. यांना ६०ने, पुन्हा ६०ने, मग २४ने भागलं की ३६५ उरतात.

थोडक्यात, भाऊकाका कैलासवासी असल्याची बातमी एक वर्ष ताजी समजावी, असं मीच जगाला लेखी कळवलं होतं. आणि वेबसाइट चढवली होती काकांनीच काढलेल्या मुहूर्तावर, अक्षय तृतीयेला. त्या दिवशी केलेल्या कर्माचा क्षय होत नाही.

त्या रात्री मी चित्र दुरुस्त करून बादलीत टाकलं. बादलीत डोकावून पाहिलं, काका जिवंत. वेबसाइटवरून पाहिलं, काका गेलेले. दहादा पाहिलं. तेवढ्यात न्यू जर्सीच्या संजूदादाचा फोन. त्याला साताऱ्याहून कोणीतरी जड अंतःकरणाने कळवलं होतं.

"कोण म्हणतं काका गेले? मी आत्ताच साइट बघितली. इथे व्यवस्थित आहेत."

बरोबरच होतं. तिकडच्या माईकडे अजून कोणी विचारायला गेलंच नव्हतं. संजूदादा पहिला, म्हणून तिने ताजी बातमी आणली. पुण्याला उत्तर देणारी माई मात्र सकाळचंच सांगत होती. रात्री बाराच्या सुमारास भाऊकाका अमेरिकेत हयात आणि पश्चिम महाराष्ट्रात कैलासवासी होते. सिडनीची बेबीताई सकाळीच पाहून रडून मोकळी झाली होती.

यावर उपाय आहे. सगळ्या मायांना एकदम निरोप धाडता येतो की जवळचं सगळं फेकून द्या. त्याला इनव्हॅलिडेशन म्हणतात. मी फाइलच्या नावाऐवजी एक चांदणी (*) टाकून सगळंच फेकायला लावलं. दोन-तीन मिनिटांत झालं, पैसेही पडले नाहीत. नव्या खिडकीत उघडलं. काका जिवंत! रात्री साडेबाराला फोन केला.

"काका, झालं. बघा."

"बघितलं. अजून 'कै.'च आहे."

आता माझ्या पोटात गोळा आला. जगभरच्या मायांना मी आवरलं होतं, पण ज्यांनी ज्यांनी दिवसभरात साइट उघडली होती त्यांच्या फोनात ब्राउझरने स्वतःची एक प्रत ठेवली होती. तीही एक वर्षासाठी. तो ब्राउझर आता माईलाही विचारणार नव्हता. तिथे माझा हुकूम चालत नाही. काकूंनी एकदा ऐकून मनात ठेवलेल्या गोष्टीवर जसा समितीचा चालत नाही.

"काका, टॅबलेटवर सेटिंगमध्ये जा. तिथे 'क्लिअर ब्राउझिंग हिस्टरी' दिसेल."

"हिस्टरी? म्हणजे इतिहास पुसायचा?"

"हो."

"चाळीस वर्षं मी या घराण्याचा इतिहास गोळा करतोय. मी काही पुसणार नाही."

पुढचे तीन आठवडे मी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होते. चित्राचं नाव बदलून त्याला 'सुधारित' जोडलं. नवं नाव म्हणजे ब्राउझरच्या लेखी नवीन फाइल, ती तो मुकाट्याने आणतो. पण त्या चित्राचं नाव ज्या पानात लिहिलंय ते पानही वर्षभरासाठी कुलूपबंद! मग प्रत्येकाला सांगायचं की पान उघडा आणि बोटाने वरून खाली ओढा. 'कुठून खाली?' 'माझं तर बंदच झालं.' 'ओढलं, पण फोटो गेला, भाऊ कुठेच नाहीत.' नाशिकच्या आत्यांनी फोनच घरभर खाली-वर करून पाहिला. कोणीतरी 'कै.'वालं चित्रच 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून पुढे ढकललं. त्याला तर मॅक्स-एजच नसतो.

नेटस्केप या जुन्या ब्राउझर कंपनीतल्या फिल कार्लटन यांच्या नावावर एक वचन सांगतात: संगणकशास्त्रात दोनच गोष्टी अवघड, कॅश रद्द करणं आणि नावं ठेवणं. मला दोन्ही एकाच आठवड्यात घडल्या. सारखी नावं ठेवली म्हणून काका गेले आणि कॅश रद्द होईना म्हणून परत येईनात. पण नावं ठेवणं अवघड, हे आमच्या ग्रुपमध्ये कोणाला पटायचं नाही. त्या तीन आठवड्यांत माझ्या शिक्षणाला, नोकरीला आणि 'मुलींकडे कामं दिली की असं होतं' इथपर्यंत नावं ठेवताना कोणालाही काही जड गेल्याचं दिसलं नाही.

आता पानांना मी वर्षाऐवजी पाच मिनिटं दिली आहेत. वर्ष फक्त फोटोंना, तेही नावात क्रमांक घालून.

परवा काकांकडे गेले होते. मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं, असं म्हणून काकूंनी मला माफ केलंय. पोहे दिले. काका टेबलाशी टॅबलेट घेऊन बसले होते आणि शेजारच्या जोशीकाकांना काहीतरी दाखवत होते. मी वाकून पाहिलं. 'कै. महादेव विष्णु'.

"काका, अजून? द्या इकडे, दोन मिनिटांत पुसते."

"राहू दे," त्यांनी टॅबलेट छातीशी धरला. "आल्यागेल्याला दाखवायला बरं पडतं. वर्ष झालं की आपोआप जिवंत होईन म्हणालीस ना?"

"हो."

"वर्ष तिथीने की तारखेने?"

"तारखेने. सेकंद मोजून."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं.

"तिथीने धरलं असतंस तर अकरा दिवस आधी सुटलो असतो."