9 मार्चला जन्मल्याने कोणी गागारिन होत नाही

सध्या फिरणारा एक दावा असा: इटालियन दर्यावर्दी अमेरिगो व्हेस्पुची आणि अंतराळात जाणारा पहिला माणूस युरी गागारिन दोघेही 9 मार्चचे, मूलांक (जन्मतारखेच्या अंकांची एक अंकी बेरीज) 9, त्याचा स्वामी ग्रह मंगळ, म्हणून अज्ञातात झेप घेणं त्यांच्या नशिबातच होतं. मूलांक बघून मुलांचं क्षेत्र ठरवू पाहणारे पालक आहेत, म्हणून हा दावा नुसता वाचून सोडून देता येत नाही.

आधी तारीखच घ्या. व्हेस्पुचीच्या काळी युरोपात ज्युलियन कालगणना होती. आजच्या ग्रेगोरियन गणनेने त्याचा जन्मदिवस 18 मार्चला येतो. वर्षही पक्कं नाही. 1451 की 1454, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

‘मग एक आणि आठ, पुन्हा नऊच!’ हे उत्तर ठरलेलं. पण 9, 18 आणि 27 धरले तर वर्षाचे 36 दिवस झाले, म्हणजे साधारण दहातला एक माणूस मूलांक 9चा. त्यात दोन नामवंत सापडले तर नवल कसलं? दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोहोचलेला अमुंडसेन 16 जुलैचा, चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारा आर्मस्ट्राँग 5 ऑगस्टचा, पहिली महिला अंतराळवीर तेरेश्कोवा 6 मार्चची. यांच्यापैकी कुणाचाच मूलांक 9 नाही. कोलंबस, वास्को द गामा, मॅगेलन यांच्या तर जन्मतारखाच ठाऊक नाहीत. तेनसिंग नोर्गे यांनाही स्वतःची नेमकी तारीख माहीत नव्हती. एव्हरेस्ट सर केलं तो 29 मे हाच त्यांनी पुढे वाढदिवस मानला.

‘नशिबातच होतं’ हे मात्र मला सगळ्यात जास्त खटकतं. व्हेस्पुची सेव्हिलमध्ये जहाजांना रसद पुरवण्याच्या धंद्यात होता, तिथून तो समुद्राकडे वळला. आणि गागारिन? सुताराचा मुलगा. युद्धात जर्मनांनी घर बळकावलं तेव्हा हे कुटुंब मागे खणलेल्या मातीच्या खोपटात राहिलं. पुढे तो ओतशाळेत काम शिकला, साराटोव्हच्या फ्लाइंग क्लबमध्ये विमान चालवायला शिकला, लढाऊ वैमानिक झाला. 1960 मध्ये अंतराळवीर म्हणून निवडलेल्या वीस जणांत तो आला. व्होस्तोक या अंतराळयानाची कुपी इतकी अरुंद होती की उंच माणूस चालणारच नव्हता. गागारिनची उंची जेमतेम 157 सेंटिमीटर.

तरीही पहिला मान त्यालाच मिळेल हे शेवटच्या काही दिवसांपर्यंत ठरलेलं नव्हतं. 12 एप्रिल 1961 च्या सकाळी त्याचा राखीव अंतराळवीर घेरमान तितोव्हही अंतराळपोशाख चढवून त्याच बसमधून प्रक्षेपणस्थळी गेला होता. ऐनवेळी गागारिनची तब्येत बिघडली असती, तर कुपीत तितोव्ह बसला असता. तो काही नावापुरता राखीव नव्हता: त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने पृथ्वीभोवती 17 फेऱ्या मारल्या, गागारिनने एकच मारली होती. तितोव्हचा जन्म 11 सप्टेंबरचा, मूलांक 2.