उत्तर: "जंताची गोळी दोनदा विकतात" या तक्रारीवर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना मुलीनं वाचून दाखवला. गोळी डुप्लिकेट होती, एका गोळीचं काम असताना दोनदा विकली, पैसे परत दिले नाहीत, आणि चारचौघांत तुमच्या मिसेसना "दिवस गेलेत का" असं विचारलं, असं तुम्ही लिहिलंय.

शेवटच्या गोष्टीची आधी माफी मागतो. अल्बेंडाझोल, म्हणजे हीच जंताची गोळी, देताना हा प्रश्न विचारावाच लागतो, पहिल्या तीन महिन्यांत ती गोळी टाळतात. पण काउंटरवर पाच-सहा माणसं उभी असताना एवढ्या मोठ्यानं विचारायची गरज नव्हती. आमचं चुकलं. ताईंनाही सांगा.

आता "दोनदा विकली" याबद्दल. साहेब, १९९८ पासून मी या काउंटरमागे उभा आहे. चार माणसांच्या आठ गोळ्या, सगळं बिल शंभराच्या आत. त्यात मला सुटतात किती ते लिहिलं तर तुम्हीच हसाल. एवढ्यासाठी मी गिऱ्हाईक फसवीन?

आणि ही दोनदाची गोष्ट माझ्या डोक्यातून निघालेली नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच "घरात सर्वांना, १५ दिवसांनी पुन्हा" असं होतं. त्यांचं अक्षर लागत नाही हे मान्य. म्हणून तर पाकिटावर मराठीत तारीख घालून लिहून दिलं होतं.

कारण सांगतो, कारण तुम्ही लिहिलंय की "शाळेत एकच गोळी देतात, तीही फुकट." बरोबर आहे. १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत हीच गोळी देतात. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अर्धी, वरच्यांना ४०० मिलिग्रॅमची अख्खी. पण ती मोहीम मातीतून येणाऱ्या जंतांसाठी आहे, म्हणजे मोठे गोल जंत, अंकुशकृमी वगैरे. तुमच्या मुलाला होते ते दोऱ्यासारखे पांढरे, बारीक. त्यांची मादी रात्री शौचाच्या जागेभोवती येऊन अंडी घालते, म्हणून पोरं झोपेत खाजवतात. अंडी नखांत अडकतात, चादरीवर पडतात, नखांतून तोंडात जातात, की पुन्हा पहिल्यापासून. गोळी पोटातला जंत मारते, अंडी मारण्याची तिची खात्री नाही. राहिलेल्या अंड्यांतून निघालेले जंत पुन्हा अंडी घालायच्या आत त्यांना गाठायचं, म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी गोळी. घरातल्या एकाला नाही, सगळ्यांना, आजींनासुद्धा. त्याच दिवशी चादरी गरम पाण्यातून काढायच्या, नखं कापायची. हेही मी सांगितलं होतं, पण तुमची स्कूटर बाहेर चालूच होती आणि तुम्ही "हो हो" म्हणत निघालात.

"डुप्लिकेट" का, तर गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशीही जंत दिसले. साहेब, ही गोळी जंताला विष देऊन जागेवर मारत नाही. त्याला साखर शोषता येईनाशी होते, तो उपाशी मरतो. त्याला दोन-तीन दिवस लागायचेच.

आणि आता जे लिहायचं नव्हतं ते लिहितो. तीन आठवड्यांनी तुम्ही आलात, म्हणालात पोराला पुन्हा खाज सुटली, औषध लागू पडलं नाही. आणि त्याच बोलण्यात स्कूटरच्या डिकीतून चार गोळ्या काढून "या उरल्यात, पैसे द्या" म्हणालात. उरल्या कशा? त्या दुसऱ्या वेळेच्याच होत्या ना! घेतल्याच नाहीत, तर लागू कुठून पडणार? उन्हात तीन आठवडे डिकीत राहिलेली गोळी मी परत घेऊन दुसऱ्याच्या लेकराला देऊ का? तेव्हा आवाज माझाही चढला, ते खरं आहे.

"गोळी असून दिली नाही, माज आहे" हे वाक्य मात्र मनाला लागलं. तुम्ही एका नातेवाइकासाठी हीच गोळी मागत होतात, ज्यांना फिट येतात आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये जंताची गाठ निघाली आहे. औषध तेच, पण तिथे एका गोळीनं भागत नाही. वजनावर हिशोब करून दिवसातून दोनदा, कित्येक दिवस द्यावं लागतं, आणि सोबत स्टिरॉइड. मेंदूतली गाठ मरताना सूज येते, त्या सुजेनं फिट वाढू शकते. डोळ्यात गाठ असेल तर आणखी धोका. चिठ्ठीशिवाय ती गोळी मी माझ्या सख्ख्या भावाला देणार नाही.

काउंटरवरच्या आमच्या पोराला समजावलंय की असले प्रश्न बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारायचे. पाकिटावरची तारीखही यापुढे लाल पेनानं घालू. आणखी काही जमेल ते बघतो.

मुलाचा त्रास थांबला नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. आता दुसरी गोळी द्यायची की पहिल्यापासून सुरू करायचं, ते तेच सांगतील. चिठ्ठी घेऊन या, या वेळच्या गोळ्यांचे पैसे मी घेणार नाही. त्या जुन्या चार मात्र परत घेणार नाही. स्टार एकच ठेवा, हरकत नाही. "डुप्लिकेट" हा शब्द तेवढा काढा साहेब, आमच्या गल्लीत आणखी तीन मेडिकल आहेत.

आपला,
मेडिकलवाला